शेवटचं पान नसलेली पोथी

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट. इतकी जुनी, की तेव्हा राजेलोक दुसऱ्याचं ऐकून घेत असत.

एका नगरात एक ग्रंथालय होतं आणि त्यात एक म्हातारा ग्रंथपाल होता. पोथ्यांवर त्याचा भारी जीव. प्रत्येक पोथी तो लाल कापडात गुंडाळायचा आणि वर सुतळीच्या सात गाठी मारायचा. सहा नाही, सातच. त्याच्या गुरूने तसं शिकवलं होतं. पोथी मागायला कोणी आलं की तो आधी त्याचे हात बघायचा. माती असली तर नाही, तेल असलं तर नाही, घाम असला तर मुळीच नाही. आता तुम्हीच सांगा, कष्टकऱ्यांच्या गावात असे हात आणायचे कुठून? हळूहळू लोकांनी यायचंच सोडलं. "माझ्या एकाही पोथीवर डाग नाही," असं म्हातारा अभिमानाने सांगायचा. ऐकायला मात्र कोणी नसायचं.

एक दिवस राजाचा निरोप आला. "ग्रंथालयात कोणी फिरकत नाही असं कळलं. हत्तींच्या चाऱ्याला जागा हवी आहे. आठव्या दिवशी आम्ही येतो, तोवर पोथ्या हलवा."

म्हाताऱ्याच्या पायाखालची जमीन सरकली. तो भिंतीला टेकून बसला आणि लहान मुलासारखा रडला.

तेवढ्यात फळीवरून बारीक आवाज आला, "तुम्ही गेलात तर माझं कसं व्हायचं?"

बघतो तर एक कसर. जुन्या कागदांत सुळकन पळणारी, चंदेरी, तीच ती.

"तू माझ्या पोथ्या खातेस?" म्हातारा ओरडला.

"खाते. पण इथे वाचणारीही मी एकटीच आहे," कसर म्हणाली. "तुमच्या सात गाठी माणसांना अडवतात, मला नाही. खालच्या फळीवर कोपऱ्यात एक पोथी आहे बघा. खायला बसले आणि वाचतच राहिले. शेवटचं पान तेवढं आधीच पोटात गेलं होतं, त्याचं मला अजून वाईट वाटतं."

ती पोथी म्हाताऱ्याला ठाऊक होती. नुसती कल्पनेतली कथा, त्यात ज्ञान ते काय, म्हणून तरुणपणीच त्याने ती खाली सारली होती. आज त्याने गाठी सोडल्या. नखं दुखली, पण सोडल्या.

कथा एका ग्रंथालयाची होती. तिथल्या पोथ्या आपसांत कुजबुजत. एका पोथीच्या पोटातलं दुसरीला ठाऊक असे. आणि शब्द गिळणारा राक्षस चालून आला, तेव्हा हातात दिवा घेऊन दारात उभा राहिला तो कोणी वीर नव्हता. गुडघे दुखणारा, विसराळू ग्रंथपाल होता!

म्हाताऱ्याने मान वर केली. फळ्या त्याच, कापड तेच, पण आता त्याला पोथ्या श्वास रोखून बसल्यासारख्या वाटल्या. आपण यांना राखलं की कोंडलं, असं मनात आलं आणि त्याला स्वतःची लाज वाटली.

तो पोथी घेऊन बाहेर पायरीवर बसला. समोरून एक कुंभारीण चालली होती.

"बाई, बसता का जरा? गोष्ट वाचून दाखवतो."

"माजे हात चिखलाचे हायेत, बाबा."

"असू देत."

दुसऱ्या दिवशी ती शेजारणींना घेऊन आली. आठव्या दिवशी पायरीवर पाय ठेवायला जागा नव्हती. गोष्टीतला राक्षस दाराशी पोचला, म्हाताऱ्याने पान उलटलं, आणि पुढे पानच नाही! नेमका तेव्हाच चारा लादलेले हत्ती घेऊन राजा आला.

"जागा रिकामी झाली का?"

"महाराज, दमानं!" कुंभारीण म्हणाली. "राक्षस दारात उभा हाय."

राजाने दचकून दाराकडे पाहिलं. लोक हसले. मग राजाही हसला आणि पायरीवर टेकला. "बरं, पुढे काय झालं?"

"शेवटचं पान कसरीने खाल्लं, महाराज," म्हाताऱ्याने खरं ते सांगितलं. सगळे हळहळले.

"त्यात काय येवढं?" कुंभारीण उठली. "एकीच्या पोटातलं दुसरीला ठावं असतं, असं गोष्टीतच हाय न्हवं? मग शेवट हितल्याच कुठल्या तरी पोथीत असंल. हुडकू या की!"

म्हातारा विद्वान होता. गोष्टीतलं खरं नसतं हे समजावायला त्याने तोंड उघडलं, आणि मिटलं. जवळची पोथी घेऊन त्याने स्वतः गाठी सोडल्या आणि ती कुंभारणीच्या चिखलाच्या हातांत दिली.

मग काय! ज्याला वाचता येत होतं तो मोठ्याने वाचू लागला, बाकीचे कान देऊन बसले. शेवट काही सापडेना. पण कोणाला तारे सापडले, कोणाला गाईच्या तापावरचं औषध, कोणाला नदीचं गाणं. उठायला कोणी तयार नव्हतं. राजाच्या हाती हत्तींवरची पोथी आली. कोंदट जागेतला चारा कुजतो आणि तो खाऊन हत्ती आजारी पडतात, असं तिच्यात लिहिलं होतं. राजाने दोनदा वाचलं आणि हत्ती मुकाट्याने परत पाठवले.

तो शेवट लोक अजून शोधत आहेत. आल्यागेल्याला म्हातारा एका पानावरचा मातीचा ठसा मोठ्या कौतुकाने दाखवतो. "हे आमच्या कुंभारणीचं बोट." बिचाऱ्या कसरीची तेवढी पंचाईत झाली. रोज उघडल्या जाणाऱ्या पोथीत तिला राहता येईना. ती राजवाड्यातल्या दप्तरखान्यात, जुन्या कागदांच्या गठ्ठ्यांत, राहायला गेली. तिथल्या गाठी अजून कोणी सोडलेल्या नाहीत.

तात्पर्य: पुस्तकांच्या जादूची गोष्ट आपल्याला आवडते, कारण ती वाचली की फळीवरच्या साध्या पुस्तकालाही हात लावावासा वाटतो, आणि हात लागल्याशिवाय कुठलंच पुस्तक जगत नाही.