गळकं मडकं

हे कुणाला सांगायचं नाही, असं आईने मला बजावलं होतं. माझी आजी हल्ली विसरते. निवृत्त झाल्यावरही ती गावच्या प्राथमिक शाळेत दुसरीच्या मुलांना गोष्टी सांगून वाचायला शिकवते, तेही फुकट. त्या एका तासासाठीच ती सकाळी उठते. मी तिला सोडायला जाते आणि तास संपेपर्यंत तिथेच थांबते.

मंगळवारी तपासणीला साहेब आले. कुणीतरी त्यांच्या कानावर घातलंच होतं. खुर्चीत रेलून त्यांनी विचारलं, "काय बाई, काल मुलांना काय शिकवलंत?"

आजी पदराचं टोक चाचपू लागली.

साहेब गुरुजींकडे बघून हसले. "यांच्याच डोक्यात काही राहत नाही, त्या मुलांच्या डोक्यात काय घालणार? आजीबाई, उद्यापासून घरी आराम करा."

"माझं डोकं गळतं, साहेब, खरं आहे," आजी म्हणाली. "पण मडकं गळायला लागलं की शहाणी बाई पाणी दुसऱ्या भांड्यांत ओतून ठेवते. मी तेच करतेय. गळकं मडकं कशाला तपासता? ही भांडी तपासा की!"

पहिल्या रांगेतली रुक्साना न सांगताच उठली आणि कालची कोल्ह्याची गोष्ट तिने शेवटपर्यंत सांगितली. बाकीच्यांनी ती आपापल्या वहीतून वाचूनही दाखवली. साहेब खाली बघत म्हणाले, "चालू द्या."

घरी येताना मला हसू आवरत नव्हतं. आजी मात्र वाटेत थबकली. "अगं, आज शाळेत जायचं राहिलंच की!"

"उद्या जाऊ," मी म्हटलं.

आता ती आतून हाक मारतेय, माझ्या वारलेल्या आत्याच्या नावाने. मी ओ देते, नाहीतर ती तिला शोधत घराबाहेर पडेल.