वायर गुंडाळेपर्यंत

"जायचं नसेल तर गिटार तिथं ठेव आणि घरला जा."

"ठेवते. पण माझं चुकलं काय, ते तरी सांगा, अक्का."

"काय बी चुकत न्हाई तुझं. हेच वाईट लक्षण हाय."

सुकन्यानं गिटार ठेवली नाही. उलट मांडीवर आणखी जवळ ओढून घेतली. तोंडानं बोलायचं एक आणि हातांनी करायचं दुसरंच, असं तिचं त्या दुपारी चाललं होतं.

भांडण जेवणं झाल्यापासून सुरू होतं. जयसिंगपूरच्या पेठेमागच्या बोळात हौसाक्काचं मांडव-स्पीकरचं दुकान आहे, तिथं. लग्नसराई उरकत आली होती. मांडवांतून परत आलेल्या वायरी दुकानभर पसरल्या होत्या, शेवयांचं पातेलं कुणी उपडं केल्यासारख्या. त्या गुंत्यात एका स्टुलावर सुकन्या. समोर, कर्ण्यांच्या रांगेखाली, पाट टाकून हौसाक्का. एकेक वायर सोडवायची, हातावर गुंडाळायची, खिळ्याला अडकवायची. भांडताना तिचे हात रिकामे नसतात.

हौसाक्का कोण, हे त्या गावात विचारायची सोय नाही. विचारणाऱ्याकडंच माणसं बघत राहतात. सत्तरी ओलांडलेली, नऊवारी नेसलेली, कपाळावर ठसठशीत कुंकू, आणि मांडीवर गिटार. तरुणपणी लग्नाच्या मांडवात कर्ण्यावर रेकॉर्ड लावून द्यायची आणि स्वतः मांडवामागं बसून त्या रेकॉर्डबरोबर वाजवायची. वऱ्हाड जेवून उठेपर्यंत. रेकॉर्ड कुणासाठी थांबायची नाही. शिकवलं कुणी? कुणी नाही. हे ती न विचारता सांगते. ऐकणारा निघाला की दारापर्यंत जाऊन पुन्हा सांगते.

सुकन्या चौगुले तिची एकुलती एक शिष्या. गावातल्या निम्म्या नवरींच्या हातावरची मेंदी हिची. रेघ अशी, की मोजपट्टीनं मारावी. नवरी हसली, शिंकली, रडली तरी ती रेघ हलत नाही. आणि हे सुकन्याला चांगलंच ठाऊक होतं. तिला गिटारीवर एक गाणं येत होतं. एकच. पण तेही तसंच, रेघ न हलता.

गिटार मात्र हौसाक्काची. उसनी.

आणि आज दिवस कलायच्या आत कोडोलीचे दानियल सर जीप घेऊन येणार होते. पन्हाळ्याला नवशिक्यांचं गिटार शिबिर होतं, आठवडाभराचं. हौसाक्कानं सुकन्याचं नाव परस्पर देऊन टाकलेलं, घरून तिच्या कपड्यांची पिशवीही मागवून ठेवलेली. जायचं, नाहीतर गिटार परत. मधलं काही नाही.

"तिथं तीस जण असणार," सुकन्या म्हणाली. "एकट्या मास्तरांनी कुणाकुणाची बोटं बघायची?"

"न्हाई बघणार."

"मग वाकडी सवय लागेल मला."

"लागू दे. सरळ करायला मी हाय की हितं."

"सगळे एकदम वाजवणार. आठवडी बाजारासारखं. त्यात माझं मलाच ऐकू यायचं नाही."

"आठवडाभर तुझ्या जिवाला तेवढंच सुख."

सुकन्याला हसू आलं. तिनं ते गिळलं. भांडणात हसलं की निम्मं हरल्यासारखं होतं.

"शाळेतली पोरं येतात तिथं, अक्का. एवढी एवढी. ती हसतील मला."

"हसतीलच. त्या कासाराच्या पोरानं गिटार उलटी धरली तवा तू किती हसलीस? पोटाला धरून बसली हुतीस."

"ते वेगळं."

"व्हय, वेगळंच. तवा तू हसत हुतीस."

...

वायर खिळ्याला गेली. हौसाक्कानं दुसरी ओढली.

"मी नाही म्हणतच नाही," सुकन्या आता समजुतीच्या सुरात आली. "आधी नीट येऊ दे. चार गाणी पक्की झाली की आपण होऊन जाते."

"नवशिक्यांचं शिबिर हाय, बाई. पक्की झालीस तर तुला घेतील कशाला?"

सुकन्यानं राखून ठेवलेला एक बाण काढला.

"तुम्ही गेला होता का हो कुठल्या शिबिराला?"

हौसाक्काचे हात थांबले. त्या दुपारी पहिल्यांदाच.

"न्हाई."

"कुणाकडं शिकायला?"

"न्हाई."

"मग? एकटीनं शिकलात. साऱ्या गावाला सांगता. मी पण तुमच्यासारखीच शिकते. एकटी."

'तुमच्यासारखीच' हे एरवी हौसाक्काला गुळासारखं लागलं असतं. सुकन्यानं ते त्याच हिशेबानं म्हटलं होतं. पण हौसाक्कानं मान वर करून एकदा कर्ण्यांच्या रांगेकडं बघितलं, एकदा पोरीकडं.

"एकटी..." ती म्हणाली. एवढंच.

मग म्हणाली, "मेंदी काढताना रेघ चुकली तर काय करतीस गं तू?"

"माझी चुकत नाही."

"चुकली तर."

"...पान काढते तिथं. नाहीतर कोयरी."

"पुसून पहिल्यापास्नं न्हाई काढत?"

"नवरीचा हात असतो, अक्का. तिकडं भटजी खोळंबलेले. पुसत कुठं बसू?"

"मग गिटारीवर का पुसतीस?"

"तो माझा धंदा आहे. हे..."

"हे काय?"

सुकन्यानं एक तार नखानं छेडली.

"हे माझं आहे," ती म्हणाली. आवाज एकदम खाली आला होता. "तिकडं दिवसभर सगळ्या जणी हाताकडं बघत असतात. नवरीची आई बघते, मावश्या बघतात, सासरच्या येऊन बघून जातात. इथं कुणी बघत नाही. गच्चीवर जाते, दाराला कडी लावते. मोबाईलवर बघायचं, थांबवायचं, वाजवायचं. चुकलं तर चुकलं. कुणाला कळतंय? पुन्हा पहिल्यापासून. तिथं तीस माणसांत मी चुकले तर..."



हौसाक्कानं नवीन वायर उचलली. लांबलचक होती, पार दारापर्यंत गेलेली. एक टोक मुठीत धरलं.

"वाजीव," ती म्हणाली. "तुझं ते गाणं."

"आत्ता?"

"मी वायर गुंडाळते. तू वाजीव."

एवढंच ना, म्हणून सुकन्यानं सुरुवात केली. पहिली ओळ छान गेली. समोर हौसाक्काचा हात फिरत होता, तळवा ते कोपर, तळवा ते कोपर. वायर फरशीवरून सरसरत यायची आणि प्रत्येक वेढ्याला तिचं पितळी टोक फरशीवर टक्कन आपटायचं.

सर्र... टक्. सर्र... टक्.

दुसऱ्या ओळीच्या शेवटी एफ कॉर्ड येतो. पहिलं बोट आडवं टाकून सगळ्या तारा एकदम दाबायच्या असतात. नवशिक्याच्या गळ्यातली धोंड म्हणजे हा एफ. सुकन्या तिथं नेहमी जरा थांबायची, बोटं एकेक करून नीट बसवायची, मग वाजवायची. गच्चीवर हे कधी कळलं नव्हतं. थांबलं तरी तिथं पुढं जाणारं कुणी नव्हतं.

ती थांबली. बोटं बसवली.

टक्.

वायर पुढं गेली होती.

"थांबा ना, अक्का. पहिल्यापासून घेते."

हौसाक्का थांबली नाही. तिला ऐकू आलं नसेल असं नाही. त्या बाईला पलीकडच्या बोळातलं पण ऐकू येतं.

सर्र... टक्.

सुकन्यानं पहिल्यापासून घेतलं. घाईनं. सोप्या जागी धावत सुटली, म्हणजे एफसाठी चार श्वास शिल्लक राहतील. राहिले नाहीत. हौसाक्काचा हात जसा होता तसाच फिरत होता, ना हळू, ना जोरात. घाण्याच्या बैलानं शिकून जावं असा.

"तुम्ही मुद्दाम करताय."

सर्र... टक्.

"थांबा म्हणते ना मी."

सर्र... टक्.

सुकन्या चिडली. मान लाल झाली, कानाच्या पाळ्या लाल झाल्या. आणि चिडलेल्या माणसानं जावं तशी ती तिसऱ्यांदा गाण्यात शिरली, या म्हातारीला आज सोडायचंच नाही म्हणून. पहिली ओळ. दुसरी. एफ आला. बोटं हवेतच राहिली, तारांपर्यंत पोचलीच नाहीत, उजवा हात नुसता मोकळा खाली गेला...

टक्.

आणि ती पुढच्या सुरावर होती.

कशी आली, तिलाही कळलं नाही. एफ मागं पडला होता, रस्त्यात चप्पल सुटावी तसा, आणि ती अनवाणी पळत होती. गाणं चालू होतं. तिच्याशिवाय चालू होतं आणि तिच्यासकट चालू होतं. सर्र टक्, सर्र टक्. तिचा उजवा हात आता हौसाक्काच्या कोपराबरोबर खाली-वर होत होता. पुन्हा दुसरी ओळ. पुन्हा एफ. या वेळी आडवं बोट पडलं. सूर आला तो भिजलेल्या ढोलकीसारखा, बसका, निम्म्या तारा मुक्या.

पण वेळेवर आला.

सुकन्या हसायला लागली. वाजवता वाजवता. तोंड उघडं, केस कपाळावर, घाम नाकाच्या शेंड्याला, आणि हसणं थांबेना. जिच्या हातची रेघ कधी हलत नाही ती पोरगी स्टुलासकट हलत होती. बोळातून जाणारी कांदेवाली टोपली सावरत दारात थांबली, बघून म्हणाली, "हिला काय झालंय ओ अक्का?"

"सुरू झालीय," हौसाक्का म्हणाली.

गाणं संपलं. वायर अजून थोडी राहिली होती.

"तो पहिला एफ राहिलाच, अक्का," सुकन्या धापा टाकत म्हणाली.

"गाणं थांबलं का?"

"नाही."

"मग?"

"पण राहिला ना."

"राहू दे की. तिथं तीस जण असतील. कुणीतरी वाजवील."

"आणि त्यांचा राहिला तर?"

"तू वाजीव."

...

"आणखी एकदा," सुकन्या म्हणाली. विनवणी नव्हती ती, हुकूमच होता. आणि हौसाक्कानं तो ऐकला. आणखी एक वायर ओढली. आणखी एकदा. मग आणखी. एफ कधी आला, कधी अर्धा आला, कधी आलाच नाही. एकदा तर सुकन्या ओळच विसरली, चार वेढे नुसती तारांवर थाप मारत बसली आणि पाचव्याला अशी परत आत शिरली, की हौसाक्काच्या भुवया वर गेल्या. त्या भुवया सहसा वर जात नाहीत.

बोळाच्या तोंडाशी हॉर्न वाजला.

दोघींनी ऐकला. दानियल सरांची जीप. टपावर बांधलेल्या गिटारी इथून दिसत होत्या, काही पिशवीत, काही चादरीत गुंडाळलेल्या. एक तर चक्क पोत्यात. आत पोरांचा कालवा चालला होता.

सुकन्याचे डोळे जीपकडं गेले आणि परत आले. हुशार पोरगी. डोक्यात काय शिजलं ते चेहऱ्यावर दिसायच्या आत तोंडातून बाहेर पडलं.

"अक्का, मग तर मला जायची गरजच नाही."

हौसाक्का शेवटच्या वायरीला गाठ मारत होती.

"मला काय पाहिजे ते कळलं की. कुणीतरी न थांबणारं पाहिजे. तुम्ही आहात. मी रोज येते. तुम्ही वायर गुंडाळा, मी वाजवते. पन्हाळा कशाला, तीस माणसं कशाला, दोघी पुरेशा आहोत. तुम्ही म्हणाल तितका वेळ बसते. बोला."

पुन्हा हॉर्न.

हौसाक्का उठली. गुडघ्यावर हात टेकून, सावकाश. वायरीचं वेटोळं खिळ्याला अडकवलं. कर्ण्यांखालचे सगळे खिळे भरले होते. मग ती वळली आणि आपले दोन्ही तळवे पोरीपुढं उघडे धरले.

सुकन्यानं ते तळवे बघितले. मग खाली बघितलं. दुपारी जिथं पाय ठेवायला जागा नव्हती ती फरशी दारापर्यंत लख्ख मोकळी पडली होती.

"बोला ना, अक्का."

आणि मग हौसाक्का जे बोलली ते ऐकून सुकन्या चौगुले उठली. गिटार पाठीला लावली, पिशवी उचलली, वाकून नमस्कार केला, तो पण अर्धा, आणि "थांबा, थांबा" करत बोळातून, निघायला लागलेल्या जीपमागं पळत सुटली.

हौसाक्का एवढंच म्हणाली होती, "माझ्याकडं वायर एवढीच हाय."