बिजली आणि ब्रेकचा पाइप

गाड्यांचं बोलणं मिस्त्रींना कळत असे, त्या काळची ही गोष्ट. खडकाळ वाटेवर पोट घासून घासून बिजली नावाची पिकअप जेरीस आली होती. दाऊद मिस्त्रींनी तिला जॅकवर चढवून उंच स्प्रिंगा बसवल्या, तशी ती चांगली वीतभर वर उठली.

"बाई, तू वर गेलीस, पण मी होतो तेवढाच राहिलो," चाकाजवळचा ब्रेकचा पाइप कण्हला. "मला ताण बसतोय. मिस्त्रींना सांग."

"कोण बोललं?" मिस्त्रींनी विचारलं.

आपल्याला पुन्हा खाली उतरवतील, या धास्तीने बिजलीने इंजिन मोठ्याने गुरगुरवलं. "कुणी नाही. सगळं ठीक आहे!"

दुसऱ्या दिवशी वऱ्हाड घेऊन ती घाट उतरत होती. चाक खड्ड्यात गेलं आणि पाइप चिरला. ब्रेकचं तेल गळू लागलं. समोर वळण होतं, खाली दरी. मागे बसलेल्या बायका किंचाळल्या.

"धर रे बाबा!" बिजली ओरडली.

"धरतोय! तू डोंगराकडे वळ!"

उरल्यासुरल्या तेलावर पाइपने तिचा वेग मोडला आणि बिजली कडेच्या मातीत घुसून थांबली. सगळे वाचले.

बातमी कळताच मिस्त्री घाटात धावत आले. फाटका पाइप काढून ते भंगारात फेकणार, तोच बिजली म्हणाली, "त्याने सांगितलं होतं, मिस्त्री. मीच तुम्हाला ऐकू दिलं नाही."