राजकन्येसाठीही न उघडलेली वेस

एका राज्यात सुकेतू नावाचा राजा राज्य करीत होता. त्याच्या सैनिकांनी एका मांत्रिकाची शापित पेटी फोडली, आणि तिच्यातून निळा ज्वर बाहेर पडला. ज्याला तो जडे त्याची नखे निळी पडत, मग वाचा जाई, मग प्राण.

तेव्हा राजाच्या सज्ज्यावर एक भारद्वाज पक्षी येऊन बसला आणि मनुष्यवाणीने बोलला, "महाराज, या ज्वराला स्वतःचे पाय नाहीत. तो माणसांच्या पायांनी हिंडतो. सर्व वाटा बंद करा. अडकलेल्यांना जागच्या जागी अन्न द्या. आणि बंदी कोणासाठीही मोडू नका."

राजाने दवंडी पिटवली. नावा काठाला बांधल्या, घाट अडवले, वेशी मिटल्या. वेशीबाहेरच्या माळावर प्रवाशांसाठी राहुट्या उभ्या राहिल्या, राजाच्या कोठारातून धान्य गेले. पक्ष्याने सांगितलेल्या तीनपैकी दोन कामे झाली.

मग एका सकाळी वेशीवर पालखी आली. राजाची एकुलती लेक इरावती, घाट अडवण्याआधीच ते ओलांडून, बाळंतपणासाठी माहेरी आली होती. राजा धावतच वेशीशी गेला.

"बाबा, मी आले."

"इरा, वाटेत ज्वराची गावं लागली?"

"लागली."

राजाचा हात अडसरावर गेला, पण त्याने तो मागे घेतला.

"बाळ, मला वेस उघडता येत नाही."

पलीकडे वेशीशी बसलेल्या एका बाईशी इरावती दोन शब्द बोलली. मग ती राजाला म्हणाली, "इथे एक आई आहे, तिचं तान्हं आत राहिलंय. माझ्यासाठी उघडली असती, तर तिला मी तोंड कसं दाखवलं असतं? तुम्ही महालात जा, बाबा. मी राहुटीत राहते."

"मी कुठेही जात नाही," राजा म्हणाला.

त्याने वेशीशीच घोंगडी अंथरली. कारभार तिथूनच चाले. दिवस मावळला की बापलेक वेशीच्या दोन्ही बाजूंनी लाकडाला पाठ टेकून बसत आणि तिच्या लहानपणीच्या खोड्या आठवून हसत. एके पहाटे पलीकडून बाळाचे रडणे ऐकू आले. राजा फळीला कान लावून रडला.

चालायला पाय मिळेनात, तेव्हा ज्वर निळ्या धुरासारखा माळावर उतरला आणि उन्हात विरून गेला. शाप संपला.

राजाने स्वतः अडसर काढला. तान्ह्याची आई वाऱ्यासारखी आत धावली. राजा बाहेर आला आणि आधी प्रवाशांपुढे हात जोडून म्हणाला, "तुम्हाला फार सोसावं लागलं."

गर्दीतली एक म्हातारी डोळे पुसत म्हणाली, "ते मागाहून बोला, महाराज. आधी नातीला घ्या. किती दिवस वाट पाहतेय ती!"