निळ्या पाखरांचे दिवस

फार फार पूर्वी, देव अजून माणसांच्या हाकेच्या अंतरावर राहत होते, तेव्हाची ही गोष्ट. लहानांनी ऐकावी, मोठ्यांनीही ऐकावी.

त्या काळी सागरदेवी ऐन थंडीत चौदा दिवस समुद्र शांत करत असे. वारा नाही, लाट नाही. त्या दिवसांत निळी पाखरं पाण्यावरच तरंगती घरटी बांधत, अंडी घालत आणि उबवत. देवीची आज्ञा एवढीच होती, की ही शांतता पाखरांसाठी आहे. या दिवसांत कोणी जहाज हाकारू नये.

डोंगराळ किनाऱ्यावरच्या एका बंदरात आर्किपस नावाचा कप्तान राहत होता. त्याच्यासारखा दर्यावर्दी त्या किनाऱ्यावर दुसरा नव्हता, आणि हे त्याला चांगलंच ठाऊक होतं. समोरच्या बेटावरचा राजा दर हिवाळ्यात हे चौदा दिवस संपले की उत्सव करी आणि जो कप्तान सगळ्यांच्या आधी बेटाला लागेल, त्याच्या डोक्यावर ऑलिव्हच्या पानांचा मुकुट ठेवी. सलग सहा वर्षं तो मुकुट आर्किपसच्याच डोक्यावर होता.

सातव्या वर्षी बातमी आली, की शेजारच्या बंदरात एक नवं, हलकं जहाज तयार झालं आहे. आर्किपसला जेवण गोड लागेना. तो किनाऱ्यावर गेला. पाखरांच्या दिवसांतला तो सहावा दिवस होता. समुद्र कसा निवांत पसरला होता.

“आजच निघायचं,” तो म्हणाला. “इतकं सोपं पाणी वर्षभरात मिळायचं नाही.”

देवळातली म्हातारी पुजारीण काठी टेकत धक्क्यावर आली. “बाळा, अजून आठ दिवस थांब. देवीने तुझ्याकडे दुसरं काय मागितलंय?”

“आई, तुम्ही देऊळ सांभाळा. समुद्राचं मी बघतो,” आर्किपस म्हणाला.

जहाजाचं सुकाणू धरणारा म्हातारा त्याच्या वडिलांच्या वेळचा होता. त्याने आर्किपसला कडेवर खेळवलं होतं. तो हळूच म्हणाला, “पोरा, हे बरं दिसत नाही.”

“काका, तुम्हाला भीती वाटत असेल तर घरी राहा.”

म्हातारा घरी राहिला नाही. तीस वल्हेकरीही राहिले नाहीत. कप्तानाचा शब्द मोडायची त्यांना सवय नव्हती.

जहाज बंदराबाहेर पडलं आणि समोर घरटीच घरटी दिसली. पाण्यावर जणू कोणी गवताच्या टोपल्या सोडल्या होत्या. वल्हेकऱ्यांचे हात थांबले. “वळसा घालू या,” म्हातारा म्हणाला. वळसा घालायचा तर अर्धा दिवस गेला असता.

“सरळ चला!” आर्किपस ओरडला.

वल्ही पाण्यात पडली. घरटी उलटली, अंडी बुडाली. पाखरं शिडाभोवती घिरट्या घालत ओरडत राहिली. आर्किपसने मान वर करून पाहिलं नाही. त्याची नजर बेटावर होती.

दुपार कलली तेव्हा जहाज बरोबर मध्यावर आलं. मागे आपला डोंगर, पुढे राजाचं बेट. आणि तिथेच ते थांबलं. वल्ही फिरत होती, पाणी उडत होतं, पण जहाज तसूभरही सरकेना. पुढेही जाईना, मागेही येईना. आर्किपसने स्वतः वल्हं हातात घेतलं. तळहात फुटले, तरी जहाज जागचं हललं नाही.

पहिला दिवस सगळे देवीला शिव्या देत होते. दुसऱ्या दिवशी विनवण्या करू लागले. तिसऱ्या दिवशी पिण्याच्या पाण्याचं शेवटचं मडकं उघडलं आणि घोटघोट वाटून घेतलं. दोन्ही किनारे दिसत होते, बेटावर चाललेल्या उत्सवाच्या तयारीचा धूरही दिसत होता.

चौथ्या दिवशी सकाळी पाणी दुभंगलं आणि सागरदेवी वर आली. तिचे केस ओले होते. ओंजळीत फुटक्या अंड्यांची टरफलं होती.

आर्किपस गुडघ्यांवर बसला. “देवी, शंभर बैल वाहीन. संगमरवरी देऊळ बांधीन.”

“या ओंजळीत जे आहे ते बैलांनी परत येईल?” देवीने विचारलं.

आर्किपसने कपाळ जहाजाच्या फळ्यांवर टेकलं.

“माझी आज्ञा मोडली गेली,” देवी म्हणाली. “मला एक माणूस हवा. बाकीचे घरी जातील. कोण, ते तुम्ही ठरवा.”

तीसही वल्हेकऱ्यांनी माना खाली घातल्या. प्रत्येकाच्या डोळ्यांपुढे आपापलं घर होतं. मग सुकाणूपाशी बसलेला म्हातारा उठला. “मला घे, आई. माझं जगून झालंय. सुकाणू माझ्याच हातात होतं.”

आर्किपसने त्याच्याकडे पाहिलं. गप्प बसणं किती सोपं होतं! म्हातारा आपणहून जात होता. कोणी दोष दिला नसता. पण सुकाणू धरून घट्टे पडलेल्या त्या माणसाच्या हातांकडे पाहताना आर्किपसला पहिल्यांदाच आपली लाज वाटली.

“काका, खाली बसा,” तो म्हणाला. मग देवीकडे वळला. “सुकाणू यांच्या हातात होतं, हुकूम माझा होता. वळसा घालू या असं हे म्हणाले होते. मी ऐकलं नाही. आज्ञा मी मोडली. मला घे.”

देवीने ओंजळीतली टरफलं हलकेच पाण्यात सोडली.

“खरं बोललास, म्हणून तुझा जीव घेत नाही,” ती म्हणाली. “पण शिक्षा चुकणार नाही. या पाखरांच्या पिल्लांना समुद्र दिसलाच नाही. आजपासून तुझाही समुद्र संपला. हे जहाज घरी पोहोचेल. त्यानंतर तू ज्या जहाजावर पाय ठेवशील, ते असंच थांबेल.”

ती पाण्यात मिसळून गेली आणि वल्ह्यांसरशी जहाज पुन्हा हललं. सगळे सुखरूप परतले. बायकापोरं धक्क्यावर धावत आली.

वसंतात आर्किपस दुसऱ्या एका जहाजावर चढला. भर वाऱ्यात जहाज जागीच थांबलं. तो मुकाट्याने उतरला. त्याने आपलं जहाज म्हाताऱ्या काकांच्या नावे केलं आणि धक्क्यालगत छोटं घर बांधलं. तिथे तो जहाजांची दोरखंडं वळू लागला. दर हिवाळ्यात पाखरांचे दिवस सुरू झाले, की बंदराच्या तोंडाशी एक जाड दोर आडवा बांधून तो त्याच्यापाशी बसून राही. कोणी तरुण कप्तान घाई करू लागला, तर तो घडलेलं सगळं सांगे, स्वतःची एकही चूक न लपवता. त्याचं ऐकून परत फिरला नाही असा एकही कप्तान त्या बंदरात झाला नाही.

तात्पर्य: आज्ञा मोडणाऱ्याला शिक्षा चुकत नाही, पण जो आपली चूक दुसऱ्याच्या माथी मारत नाही, त्याच्यामुळे इतरांचे जीव वाचतात.