फाटलं तेवढंच

एकदा एका डोंगराच्या पायथ्याशी एक वृद्ध कारागीर राहत होता. दृष्टांतातल्या वृद्धांची दाढी शुभ्र असते, डोळ्यांत करुणा असते आणि ते सहसा वटवृक्षाखाली बसलेले असतात. या वृद्धाच्या डोळ्यांत करुणा होती की नाही हे मला सांगता येणार नाही, कारण दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. दाढी होती, पण कामाच्या हातांनी खाजवून खाजवून ती मधोमध कायमची काळपट झाली होती. त्याचं नाव दस्तगीर मिस्त्री. चाळीस वर्षं त्याने लोकांच्या मोटारी दुरुस्त केल्या आणि हात थरथरू लागले तेव्हा कोणी सांगण्याआधीच गॅरेजला कुलूप लावलं. गाव त्याला चाचा म्हणत असे.

शिष्याही अरण्यात समिधा गोळा करणारी नव्हती. वैजयंता पशुसखी होती. पशुसखी म्हणजे वाड्यावस्त्यांवर फिरून शेळ्यांना लस टोचणारी, जंतांचं औषध पाजणारी, अडलेली शेळी मोकळी करणारी बाई. डोंगरावरच्या पठारावर पाच धनगरवाडे आहेत. तिथे एस.टी. जात नाही, डॉक्टर जात नाही, वैजयंता जाते. तिच्याजवळ वीस वर्षांची एक लहानशी मोटार होती. पुढच्या सीटवर बर्फाच्या डब्यात लस आणि मागच्या सीटवर, वेळ आली तर, आजारी शेळी. गाडीत बसलं की बोकडाचा वास येई, आणि त्याबद्दल तिने कधी कोणाची क्षमा मागितली नव्हती.

पठाराची वाट दगडगोट्यांची. त्या वाटेने एके दिवशी गाडीच्या उजव्या चाकामागचा बूट फाडला. ज्यांनी आपल्या गाडीखाली कधी डोकावलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. इंजिनाची शक्ती चाकापर्यंत नेणारा एक लोखंडी दांडा असतो, त्याला अ‍ॅक्सल म्हणतात. चाकापाशी या दांड्याला एक सांधा असतो, म्हणून चाकाला वळता येतं. सांध्यात पोलादी गोळ्या असतात आणि भरपूर ग्रीस असतं. त्यावर पेटीच्या भात्यासारखं घड्याघड्यांचं रबरी आवरण चढवलेलं असतं, तोच हा बूट. तो फाटला की ग्रीस बाहेर उडतं, माती आत जाते, आणि दुर्लक्ष केलं तर काही आठवड्यांत सांधा झिजून निकामी होतो.

तालुक्याच्या गावी जुन्या गाड्या घेणारा एक व्यापारी होता. वैजयंताने गाडी त्याच्या शेडवर नेऊन दाखवली. शेठ गोड बोलणारा माणूस. त्याने क्षणभर वाकून पाहिलं आणि सरळ उभा राहिला.

"सगळं गेलंय, ताई," तो म्हणाला. "सांधा गेला, अ‍ॅक्सल गेला, आज हा गेला तर उद्या दुसऱ्या बाजूचा जाणार. या गाडीचे अख्खे अ‍ॅक्सल आता मिळत नाहीत. मला देऊन टाका. निदान तोडून पत्रा तरी कामाला येईल."

सोबत आलेल्या घरच्यांनीही माना डोलावल्या. बोकडाच्या वासाला ते कंटाळलेच होते. वैजयंता मात्र तापली आणि तापलेला माणूस जे करतो तेच तिने केलं, नको ते बोलून गेली.

"रविवारी दिवस मावळायच्या आत ही गाडी दुरुस्त होऊन माझ्या अंगणात गोल फिरली न्हाई, तर चावी घेऊन जावा. लिहून देऊ का?"

"लिहून कशाला? तुमचा शब्द पुरे आहे," शेठ हसून म्हणाला.

सोमवारी तिला पठारावर लस घेऊन जायचं होतं. पावसाळ्याआधी ही लस टोचली नाही तर आदल्या संध्याकाळी उड्या मारणारं करडू सकाळी मरून पडलेलं सापडतं. चावी गेली तर पाच वाड्यांवरची करडं नशिबावर सोडावी लागणार होती. त्या वाड्यांवर तिने हे आधीही पाहिलं होतं आणि ते पुन्हा पाहायची तिची तयारी नव्हती.

ती चाचांकडे गेली. चाचांनी गाडीकडे पाहिलंही नाही, कारण पाहून उपयोग नव्हता. त्यांनी स्टिअरिंग पूर्ण वळवून तिला अंगणात गाडी फिरवायला लावली आणि कानामागे तळहात धरून उभे राहिले. झिजलेला सांधा अशा वेळी टकटक वाजतो. हा वाजला नाही.

"आता फाटक्यात बोट घाल. चिमूटभर ग्रीस काढ. अंगठा आन् बोटात चोळ. किरकिर लागती का?"

"वरच्याला लागती. आतलं लोण्यासारखं हाय."

"मग काय फाटलंय?"

"बूट."

"आन् काय?"

"आन् काय, चाचा?"

"तेच तर इचारतोय तुला."

वैजयंताने पुन्हा बोटं चोळून पाहिली. "आन् काही न्हाई," ती म्हणाली.

"मग तेवढंच बदल."

"मी?"

"माझ्या हातात चहाचा कप ठरत न्हाई. आन् तू तर शेळीच्या पोटात आडवं आलेलं करडू न बघता फिरवून काढतीस. हे तर डोळ्यांपुढं हाय."

वैजयंता कामाला लागली. तिने तालुक्यातून नवा बूट, क्लिपा आणि ग्रीस आणलं. रविवारी सकाळी तिच्या अंगणात जॅक लागला, गाडीखाली आधाराला लोखंडी घोडी सरकली, आणि खुर्चीवर चाचा बसले. चाकाचा मधला नट वीस वर्षांत जागचा हलला नव्हता. पान्याला पाइप लावून ती त्यावर दोन्ही पायांनी उभी राहिली तेव्हा कुठे तो कण्हला. दांडा बाहेर आला. फाटका बूट कापून तिने वर्तमानपत्रावर टाकला. मग सांधा दांड्यापासून सोडवायचा होता. एका बारीक पोलादी कडीने तो आत अडकलेला असतो, ही कडी म्हणजे त्याचं लॉक. ते कुठे आणि किती सोडतं हे हाताला कळेपर्यंत दुपारचे दोन वाजले. तिने गोळ्या रॉकेलने धुतल्या, पुसल्या आणि ज्या गोळीचं घर जे, त्याच घरात ती परत बसवली. जेवण तिने उभ्यानेच केलं.

चार वाजता शेठ आला. पांढरेशुभ्र कपडे, हातात रुमाल. "मी आपला सहज आलो," असं म्हणून तो पाण्याच्या टाकीच्या कठड्यावर बसला. सहज आलेला माणूस दर थोड्या वेळाने आकाशाकडे पाहत नाही, पण ते असो.

साडेचारच्या सुमाराला वैजयंताने सांधा दांड्यावर ठेवला आणि लाकडी हातोडीने हलके हलके ठोकत आत नेला. लॉक बसल्याचा आवाज आला. दिवसभरात प्रथमच ती हसली. मग बूट चढवण्यासाठी तिने हात लांब केला आणि तो तसाच थांबला.

नवा बूट अजून वर्तमानपत्रावरच होता. बुटाचं अरुंद तोंड आधी दांड्यात ओवावं लागतं, सांधा त्यानंतर बसवायचा असतो. सांधा एकदा बसला की त्याच्यावरून बूट जात नाही. म्हणजे सांधा पुन्हा काढायचा होता, ज्याला सकाळपासून दुपारचे दोन वाजले होते.

"मला वाटलंच होतं," कठड्यावरून शेठ म्हणाला.

"तुम्ही बघत होता?"

"बघत होतो. पण मिस्त्री बसलेत, मी कशाला मध्ये बोलू? आता एक करा, बुटाला ब्लेडने उभी चीर द्या, वरून घाला, सोल्युशनने चिकटवा. इथे कोण बघतंय?"

वैजयंताचा चेहरा लाल झाला. पठाराच्या दगडांवर चिकटवलेला बूट दोन दिवस टिकला नसता, हे तिला चांगलं ठाऊक होतं. "सगळं गेलं, चाचा," ती म्हणाली. "सकाळधरनं केलेलं सगळं गेलं." तिने लाकडी हातोडी बाजूला टाकली आणि लोखंडी उचलली.

"हातोडी खाली ठेव," चाचा म्हणाले. "चहा टाक."

"चाचा, दिवस मावळायला दोन तास उरल्यात."

"तिघांचा टाक. आल्याचा."

ती हातोडी आपटून आत गेली. आलं ठेचल्याचा आवाज पुढच्या आळीपर्यंत गेला असावा. चहा आला. चाचांनी दोन्ही हातांनी कप धरला, तरी थोडा बशीत सांडला. शेठने फुंकर मारून घोट घेतला आणि चहा झकास झाल्याचं सांगितलं. वैजयंताने आपला कप हातात नुसता धरून ठेवला.

"तुम्ही मुद्दाम गप बसला ना, चाचा? मी चुकावं आन् शिकावं म्हणून?"

"मुद्दाम कशाला? मला दिसला न्हाई बूट," चाचा म्हणाले. "आन् डोळे धड होते तवाबी मी चार येळा बूट बाहेर ठेवलाय. त्यात शिकवण कसली? चूक ती चूक. आता सांग, काय चुकलं?"

"सगळं."

"चहा पी. मग सांग."

ती चहा प्यायली.  कप रिकामा झाल्यावर ती म्हणाली, "बूट ओवायचा राहिला."

"आन् काय?"

तिने समोरचा दांडा पाहिला. सांधा स्वच्छ होता, गोळ्या आपापल्या घरात होत्या, लॉक नीट बसलं होतं. "आन् काही न्हाई," ती म्हणाली.

"मग ऐक. 'सगळं गेलं' हा या शेठचा शब्द हाय. त्याच्या शेडात तो शोभतो, त्याचं पोट त्याच्यावर चालतं, मी त्याला नावं ठेवत न्हाई. पण तुझ्या तोंडात तो शब्द आला ना, तवाच तू त्याला चावी दिलीस. दिवस मावळायची गरजच न्हाई मग. त्या शब्दापाठोपाठ तू लोखंडी हातोडी उचललीस. आवाजावरनं कळलं मला. त्या हातोडीनं सांधा फुटला असता आन् मग खरंच सगळं गेलं असतं. काय चुकलंय ते बोटानं दाखवता येईस्तोवर हत्याराला हात लावायचा न्हाई. त्यासाठी चहा." चाचांनी कप खाली ठेवला. "राग सोड असं मी म्हणणार न्हाई. राग ठेव, लागंल. पण लोखंडावर काढू नको. लोखंडानं तुझं काय केलंय?"

वैजयंता उठली. आता तिच्या चालण्यात घाई नव्हती, पण कोणी वाटेत यावं असा तिचा चेहराही नव्हता.

"शेठ, दांडा धरा," ती म्हणाली.

"मी?"

"चाचांचे हात थरथरत्यात. चहा प्यायलाय ना आमचा? धरा."

शेठने कपड्यांकडे पाहिलं आणि दांडा धरला. सकाळी जे लॉक तिला हातभर अंतरावर सापडत नव्हतं, ते आता हाताच्या ओळखीचं झालं होतं. पाचव्या ठोक्याला सांधा सुटला. तिने आधी लहान क्लिप ओवली, मग बूट ओवला, आणि ओवल्यावर तो बोटाने चाचपून पाहिला. मग सांधा बसवला. ग्रीस शेवटच्या थेंबापर्यंत भरलं. बूट सांध्यावर ओढून त्याच्या कडेखाली बारीक पेचकस सरकवला, तेव्हा आत कोंडलेली हवा फुस्सकन बाहेर गेली. क्लिपा आवळल्या. चाचांनी बुटाच्या घड्यांवरून एकदा बोटं फिरवली आणि काही न बोलता हात मागे घेतला. पसंती देण्याची त्यांची पद्धत तीच होती.

दांडा जागेवर गेला, नट आवळला, चाक चढलं, जॅक उतरला. सूर्य डोंगराला टेकला होता, पण मावळला नव्हता. वैजयंताने गाडी सुरू केली, स्टिअरिंग पूर्ण वळवलं आणि अंगणात एक फेरा डावीकडून मारला, एक उजवीकडून. चाचा कानामागे हात धरून उभे होते. टकटक आली नाही. बोकडाचा वास तेवढा आला.

शेठ हसला. माणूस हरल्यावरही गोड बोलू शकत होता, हे त्याचं कौतुक करायला हवं. "झालं बाई तुमच्या मनासारखं," तो म्हणाला. "पण ताई, वीस वर्षांची गाडी आहे. आज बूट फाटला, उद्या आणखी काही फाटेल. कधी ना कधी चावी या हातात येणारच." आणि त्याने अर्धवट थट्टेत तळहात पुढे केला. तो ग्रीसने काळा झाला होता.

वैजयंताने वर्तमानपत्रावरचा फाटका बूट उचलला आणि त्या तळहातावर ठेवला.

"फाटलं होतं ते हे एवढंच. घेऊन जावा."

"आणि उद्या?"

"उद्या जे फाटंल, तेवढंच उद्या बदलीन."

शेठने हातातल्या बुटाकडे पाहिलं, मग आपल्या कपड्यांवरच्या काळ्या डागांकडे पाहिलं.  तो बूट घेऊनच फाटकाबाहेर गेला. चाचांनी दुसरा चहा मागितला आणि वैजयंताने या वेळी आलं आवाज न करता ठेचलं. दुसऱ्या दिवशी सकाळी पाचही वाड्यांवर लस पोहोचली.

या कथेतून देह आणि आत्मा असा काही अर्थ काढण्याचा मोह कोणाला झाला, तर त्याने तो कृपया आवरावा. मला एवढंच म्हणायचं आहे की आपली शाळा, आपला संसार, आपलं गाव किंवा आपलं म्हातारपण, यांतलं काहीही असो, कोणी दारात येऊन "सगळं गेलंय" असं सांगू लागला, तर चावी काढण्याआधी त्याला कठड्यावर बसवावं, चहा द्यावा आणि काय काय गेलं ते एकेक करून सांगायला लावावं. बहुतेकांची यादी पहिल्या नावालाच संपते.