सुंद्राबाईच्या होडीचं इंजिन

“आजी, इंजिनाचा रकाना रिकामा ठेवलात तर नंबर मिळणार नाही!” बंदर कचेरीतले खांबेटे साहेब कडाडले.

“आणि नंबर नाही तर होडी जप्त! मग खाडीतली कालवं काय पोहत जाऊन काढू?” सुंद्राबाई दुप्पट कडाडली. पडलेल्या आंब्याच्या खोडातून ती होडी तिनं स्वतः कोरली होती. “अहो, वल्ह्याच्या होडीला कसलं आलंय इंजिन? ती हाकतात हे माझे दोन हात!”

“बरं, हातांची अश्वशक्ती लिहू,” साहेब छद्मी हसले. “पण अंदाज चालणार नाही. मोजणी माझ्यासमोरच झाली पाहिजे!”

आज होडीवर पांढऱ्या रंगात ठसठशीत नंबर आहे आणि त्या रकान्यावर साहेबांच्याच हातची काट, कारण तेव्हा पदर खोचत सुंद्राबाई म्हणाली, “मग गाल पुढं करा, साहेब!”